‘आरटीओ ई-चलान’ नावाची फाईल: ती उघडल्यावर खात्यातून पैसे नेमके कसे जातात

मेसेज दिसायला साधाच असतो. व्हॉट्सॲपवर येतो, कुठल्यातरी दहा आकडी नंबरावरून, डीपीला वाहतूक पोलिसांचं नाहीतर परिवहन खात्याचं बोधचिन्ह. तुमच्या गाडीचा नंबर, चलान क्रमांक, ‘वेगमर्यादेचे उल्लंघन’, दंडाची रक्कम, आणि खाली एक फाईल. नाव ‘आरटीओ ई-चलान’, शेवटी ‘डॉट एपीके’, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲन्ड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाईल. ‘पुरावा पाहण्यासाठी ॲप उघडा.’

यात सापडणारे लोक भोळे असतात, हा समज आधी काढून टाका. ज्याची गाडी रोज रस्त्यावर असते, त्याच्या मनात चलानाची धाकधूक कायम असते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचंच घ्या. जुलै २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा चालू आहे. कारला सपाट पट्ट्यात १०० आणि घाटात ६० ची मर्यादा. उतारावर, मागून ट्रक रेटत असताना, साठचा काटा कधी ओलांडला जातो ते कळतही नाही, आणि दंड दोन हजारांचा. त्याचा मेसेज त्याच दिवशी येईल याची खात्री नाही. अनेकांच्या आरसीला, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राला, जुना मोबाईल नंबर जोडलेला असतो, कधी शोरूममधल्या एजंटाचा. त्यांना मेसेज येतच नाही. गाडी विकायला काढल्यावर, नाहीतर नाक्यावर अडवल्यावर कळतं की पाच चलानं थकली आहेत. आपल्या नावावर काय पडलंय हे माहीत नसलेल्या माणसाला कुणीही काहीही सांगू शकतं. फसवणाऱ्याचं सगळं भांडवल तेवढंच आहे.

गाडीचा नंबर बरोबर आहे म्हणून मेसेज खरा, हा पहिला चुकीचा निष्कर्ष. नंबर गाडीच्या मागे-पुढे लिहिलेलाच असतो, पार्किंगमध्ये उभं राहून कुणीही टिपून घेतो. त्यासोबत मालकाचं नाव जुळवणंही अवघड राहिलेलं नाही.

आता फाईलवर बोट पडल्यावर काय होतं ते पाहू.

ॲन्ड्रॉइड फोन आधी अडवतो: अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप आहे, परवानगी द्यायची का? प्ले प्रोटेक्टचा, म्हणजे गुगलच्या सुरक्षा तपासणीचा, इशाराही बऱ्याचदा येतो. लोक इथे ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबतात, कारण डोळ्यांसमोर दोन हजारांचा दंड असतो. ॲप उघडलं की ‘अपडेट आवश्यक आहे’ असा एक पडदा येतो. तो दाबला की आतलं खरं ॲप बसतं. मग परवानग्यांची रांग लागते: एसएमएस वाचणं, एसएमएस पाठवणं, कॉन्टॅक्ट्स, फोन, नोटिफिकेशन, बॅटरीचं बंधन काढणं. शेवटी विचारलं जातं, ‘हे ॲप तुमचं मुख्य एसएमएस ॲप करायचं का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं सगळ्यात महागात पडतं. मुख्य एसएमएस ॲप बदललं की बँकेचा ओटीपी आणि पैसे गेल्याचा मेसेज, दोन्ही त्या ॲपच्या ताब्यात जातात. ते ॲप आवाज करत नाही, पडद्यावर काही दाखवत नाही, मेसेज थेट पुढे पाठवून देतं. म्हणूनच बरेच जण सांगतात की मेसेज आलाच नाही. मेसेज आलेला असतो, त्यांना दाखवला गेलेला नसतो.

त्यानंतर येतो एक रुपयाचा फॉर्म. ‘पडताळणीसाठी १ रुपया भरा.’ त्यात डेबिट कार्डाचा नंबर, मुदत संपण्याची तारीख, कधी एटीएमचा पिनही मागतात. त्या रुपयात त्यांना काही रस नसतो. यूपीआय दुसऱ्या फोनवर चालू करायला दोन गोष्टी लागतात. एक, त्या सिमवरून बँकेकडे जाणारा पडताळणीचा एसएमएस. तो पाठवायची परवानगी तुम्ही मघाशीच दिलेली असते. दुसरी, यूपीआय पिन नव्याने ठरवण्यासाठी कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी. कार्डाची माहिती फॉर्ममधून मिळाली, ओटीपी आपोआप पोचतोय. तुमचा फोन तुमच्या खिशात, आणि तुमचं खातं दुसऱ्याच्या फोनवर चालू. क्रेडिट कार्डाची माहिती दिली असेल तर पैसे बहुधा गिफ्ट कार्ड किंवा ऑनलाइन खरेदीत जातात, कारण ती रक्कम परत अडवणं कठीण असतं. दरम्यान ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब होतं आणि माणसाला वाटतं, ॲप चाललंच नाही, सुटलो.

आयफोनवर एपीके चालत नाही. तिथे याच मेसेजात फाईलऐवजी लिंक येते, आणि ती हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या पानावर नेते. पत्ता नीट वाचा. चलानाच्या सरकारी संकेतस्थळाच्या नावाचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असाच असतो, म्हणजे पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी तेच हवं. खोट्या पत्त्यात ‘परिवहन’, ‘जीओव्ही’, ‘इन’ हे सगळे शब्द असतात, पण मधे आडव्या छोट्या रेघा आणि शेवटी ‘डॉट साइट’, ‘डॉट ऑनलाइन’ किंवा ‘डॉट एक्सवायझेड’. पत्त्यापुढच्या कुलपाच्या चित्रावर जाऊ नका. कुलूप म्हणजे जोडणी सुरक्षित, समोरचा प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नाही. ‘आजच भरा, ५० टक्के सूट’ हेही एक आमिष. चलानाची तडजोड लोक अदालतीत होते हे लोकांना ऐकून माहीत असतं, त्याचा हा फायदा.

चलान खरं आहे का ते पाहायला मेसेजमधलं काहीही दाबावं लागत नाही. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा. महाराष्ट्रासाठी ‘महाट्रॅफिकइचलान डॉट जीओव्ही डॉट इन’, देशभरासाठी ‘इचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन’. दोन्ही पत्त्यांत ‘चलान’ इंग्रजीत दोन एल घालून लिहिलेलं आहे. महाराष्ट्राच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक लागतात. ते आरसीवर असतात. खरं चलान तिथे फोटोसकट दिसतं: जागा, तारीख, वेळ, वेगाचं असेल तर मोजलेला वेग. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम घातला, त्यानुसार कॅमेऱ्याच्या चलानासोबत फोटोचा पुरावा, यंत्राने मोजलेलं माप आणि कायद्याचं कलम द्यावं लागतं. फोटोतली गाडी तुमची नसेल, तुमचा नंबर दुसरंच कुणीतरी लावून फिरत असेल, तर तक्रारही तिथेच करता येते. जे संकेतस्थळ कोणताही नंबर घालून तीच रक्कम दाखवतं, फोटो दाखवत नाही आणि फक्त कार्डच घेतं, तिथून तत्काळ बाहेर पडा.

एक काम आजच करून टाकण्यासारखं आहे. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या नोंदीतला मोबाईल नंबर बघा, जुना असेल तर बदलून घ्या. आणि महिन्यातून एकदा, पगार झाला की किंवा टाकी फुल्ल केली की, स्वतःहून चलान तपासा. काय थकलंय हे ज्याला पाठ आहे त्याला असा मेसेज हलवू शकत नाही.

फाईल उघडून बसला असाल तर क्रम महत्त्वाचा आहे, आणि इथे घाबरून लोक उलटं करतात. आधी ॲप काढायच्या मागे लागतात, त्यात अर्धा तास जातो, आणि तेवढ्या वेळात खातं रिकामं होतं. आधी एअरप्लेन मोड लावा आणि वायफायही बंद आहे ना ते बघा. सिम काढून घरातल्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. एवढ्याने ओटीपीची वाट तुटते. त्याच फोनवरून बँकेच्या अधिकृत क्रमांकाला लावून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गुगलवर शोधू नका, तिथेही खोटे क्रमांक पेरलेले असतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, हाताशी ठेवा, तो ऑपरेटर विचारतोच. रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येते ती पहिल्या काही तासांतच.

बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे गेलेले पैसे तक्रार करेपर्यंत ग्राहकाच्या माथी असतात, तक्रारीनंतर जे जातील ते बँकेच्या. ॲप तुम्हीच टाकलं म्हणून बँक बहुधा हलगर्जीपणाच म्हणेल. त्यामुळे तक्रारीची वेळ कागदावर असणं हाच तुमचा आधार.

मग फोनकडे वळा. सेटिंगमधल्या ॲपच्या पूर्ण यादीत नाव नसलेलं किंवा कोऱ्या चिन्हाचं ॲप शोधा. ते काढू देत नसेल तर ‘डिव्हाइस ॲडमिन’मधून त्याचा अधिकार आधी काढा. तरीही आमचं स्पष्ट मत असं की फोटो बाजूला काढून फोन फॅक्टरी रिसेट करावा. सिम परत घातलं की ##००२# डायल करा, तुमचे कॉल कुणी दुसऱ्या नंबरावर वळवले असतील तर ते कॉल फॉरवर्डिंग त्याने रद्द होतं. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडून अनोळखी नोंदी काढा आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

हे करताना सोसायटीचा, नातेवाइकांचा, शाळेच्या पालकांचा ग्रुप विसरू नका. तुमच्या नावाने तीच फाईल तिथे गेलेली असू शकते, आणि ओळखीच्याकडून आली म्हणून लोक ती न घाबरता उघडतात. ग्रुपवर लिहून थांबू नका, मेसेज खाली जातो. ॲडमिनला फोन करा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो.