जुना डिझेल ट्रक आणि इंजिन ऑइल: जाड ग्रेड सोडून १५डब्ल्यू-४० वर आल्यानंतरचा अनुभव

गाडी जुनी झाली, ऑइल खायला लागली की बहुतेक मिस्त्री एकच सांगतात: जाड ऑइल टाका. माझ्या ट्रकला आधीच्या मालकाच्या काळापासून २०डब्ल्यू-५० चालू होतं, तेही साधं मिनरल, म्हणजे कच्च्या तेलापासून बनवलेलं. काटा पाच लाख किलोमीटरच्या पुढे गेलेला, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरमधला फिल्टर) वगैरे भानगड नाही. मॅन्युअलमध्ये मात्र स्वच्छ १५डब्ल्यू-४० लिहिलंय. गाडी ताब्यात आल्यावर मी मॅन्युअलचा ग्रेड परत आणला, सीआय-४ प्लस (एपीआय या संस्थेचा डिझेल ऑइलसाठीचा दर्जा) असलेलं सेमी-सिंथेटिक, म्हणजे मिनरल आणि सिंथेटिकचं मिश्रण, निवडलं आणि आता थंडी-उन्हाळा दोन्ही त्यावर काढून झालेत. काय सुधारलं, काय नाही, ते लिहितो.

आधी ग्रेडचा विषय, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनसाठी, नंतरचा तापलेल्या इंजिनसाठी. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडची व्हिस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा जाडपणा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्समध्ये बसावी लागते आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ मध्ये. म्हणजे ४० मधलं वरच्या टोकाचं आणि ५० मधलं खालच्या टोकाचं ऑइल जवळजवळ सारखंच. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बेअरिंगमध्ये ऑइलचा थर दाबाखाली आणि प्रचंड वेगात सापडलेला असतो. तिथला जाडपणा १५० अंशांना एचटीएचएस (हाय टेंपरेचर, हाय शिअर) या चाचणीत मोजतात. १५डब्ल्यू-४० साठी त्याची किमान मर्यादा ३.७ सेंटिपॉइज आहे आणि २०डब्ल्यू-५० साठीही ३.७ च! त्यामुळे 'पातळ ऑइलने क्रँक जाईल' ही भीती निदान या दोन ग्रेडच्या बाबतीत मला पटत नाही. मी एवढंच केलं की चार-पाच ऑइलच्या डेटाशीट उघडून बघितल्या आणि १०० अंशांना १५ सेंटिस्टोक्सच्या आसपास असलेलं घेतलं. १३ वालं घेतलं असतं तर डब्यावर तोच ग्रेड छापलेला असता, पण जुन्या, सैल झालेल्या इंजिनला वरच्या टोकाचं बरं.

ऑइल बदलण्याआधी ते जातंय कुठून हे बघणं गरजेचं होतं. सकाळी स्टार्ट केल्यावर निळ्या धुराचा एक लोट यायचा आणि मग धूर साफ. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी उतरवली आणि खाली पुन्हा पाय दिला की तसाच लोट. चढावर लोडमध्ये मात्र निळा धूर नाही. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनवर उघडलं तर हलकी वाफ, बॅक कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधून खाली निसटलेल्या गॅसचा) फटका नाही. ही सगळी लक्षणं व्हॉल्व सील आणि गाइडची. रिंग आणि लायनर गेले असते तर लोडमध्ये सतत निळा धूर आला असता आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोरात फुंकर आली असती. तसं असेल तर कोणतंही ऑइल उपयोगाचं नाही, हाफ इंजिनचं, म्हणजे रिंग-लायनर बदलण्याचं, काम निघतं. जाड ऑइलने तो दिवस थोडा पुढे ढकलला जातो, इतकंच.

इंजिन फ्लश मी वापरला नाही. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटून पंपाच्या जाळीत अडकला तर ऑइल प्रेशरच जातं. त्याऐवजी पहिलं नवं ऑइल ठरलेल्या मुदतीच्या निम्म्यावर काढलं. ते डांबरासारखं काळं निघालं. फिल्टर कापून त्याचा कागद पसरला तेव्हा घड्यांमध्ये काळा चिकट थर होता, धातूची चमक मात्र कुठेच नव्हती. चुंबक फिरवून बघितला, काही चिकटलं नाही. दुसऱ्या वेळी तोच कागद बराच मोकळा होता. डिझेलमध्ये ऑइल काळं पडण्याचा धसका घेऊ नये, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ती पेलण्याची ताकद उरलीय का ते ब्लॉटिंग पेपरवर एक थेंब टाकून कळतं. डाग सगळीकडे सारखा पसरला तर ठीक. मधे काळा गोळा राहून त्याची कड धारदार दिसली तर बदलायची वेळ झाली.

फरक सगळ्यात आधी जाणवला तो थंड स्टार्टला. पूर्वी थंडीच्या दिवसांत ऑइलचा दिवा विझायला वेळ घ्यायचा आणि तोवर वरून टॅपेटचा कोरडा खडखडाट ऐकू यायचा. आता दिवा पटकन जातो, खडखडाट जवळपास नाहीच. माझ्या लेखी या बदलाचं मोठं मोल इथे आहे, कारण स्टार्टनंतरच्या त्या क्षणांत टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत ऑइल किती लवकर पोचतं यावर त्यांचं आयुष्य अवलंबून असतं. गरम इंजिनवर आयडलिंगला प्रेशरचा काटा पूर्वीपेक्षा थोडा खाली बसतो, पण मॅन्युअलच्या किमान आकड्याच्या बराच वर. काटा वर दिसला म्हणजे इंजिन सुरक्षित, असं नसतं. जाड ऑइल वाहायला अडतं म्हणूनही प्रेशर जास्त दिसतं.

आता न सुधारलेलं. ऑइल खाणं कमी झालं नाही. सुरुवातीला उलट किंचित वाढलं, नंतर पूर्वीच्या पातळीवर आलं, हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर. ते खरं खाली आलं व्हॉल्व सील बदलल्यावर, निम्म्याहून कमी झालं. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून पूर्वी नुसता ओलावा होता, तिथून थेंब पडायला लागले. जुना गाळच तिथे बूच होऊन बसला होता आणि नव्या ऑइलमधल्या डिटर्जंटने तो धुतला. पॅकिंग बदललं, प्रश्न संपला. क्रँकच्या मागच्या सीलला ओल आहे, तेवढीच आहे, वाढलेली नाही. सिंथेटिकने सील फाटतात अशी समजूत अजून ऐकू येते. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिक ऑइलने सील आकसायचे हे खरं, पण आजच्या ऑइलमध्ये एस्टर वगैरे घालून तो तोल साधलेला असतो.

या महिन्यांतला सर्वांत कामाचा खर्च ऑइलवर झालाच नाही. तो झाला वापरलेल्या ऑइलच्या लॅब तपासणीवर. इंजिन गरम असताना ड्रेन बोल्ट काढला, सुरुवातीची धार जाऊ दिली आणि मधल्या धारेतून कोरड्या बाटलीत नमुना घेतला. रिपोर्टमध्ये लोह आणि सिलिकॉन दोन्ही वाढलेले. सोडियम-पोटॅशियम नाही, म्हणजे कूलंट मिसळत नाहीये. डिझेल मिसळल्याचं चिन्ह नाही, व्हिस्कॉसिटी ग्रेडमध्येच. सिलिकॉन आणि लोह हातात हात घालून वाढले की पहिला संशय धुळीवर घ्यायचा. एअर फिल्टर स्वच्छ होता. मग फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होस काढला. वरून धडधाकट, पण वाकवल्यावर क्लॅम्पच्या कडेला खालच्या बाजूने बारीक चीर उघडली, आणि आतून बोट फिरवलं तर करडी, खरखरीत धूळ. ही धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन लायनर घासत होती. होस आणि क्लॅम्प बदलले, पुढच्या नमुन्यात दोन्ही आकडे उतरले. जगातलं सर्वांत महाग ऑइल टाकलं असतं तरी ही झीज थांबली नसती. जुना ट्रक असेल तर डब्याची निवड करण्याआधी एकदा ही तपासणी करून घ्या, असं मी मनापासून सांगेन.

सीआय-४ प्लस का, सीके-४ का नाही, हा प्रश्न येणारच. सीके-४ हा डिसेंबर २०१६ पासूनचा दर्जा, आणि जुन्या इंजिनांनाही चालतो. पण त्याची राख (ऑइल जळल्यावर उरणारी) १ टक्क्यावर मर्यादित ठेवलेली आहे, डीपीएफ तुंबू नये म्हणून. माझ्या गाडीला डीपीएफच नाही. सीआय-४ प्लसवर तशी बंदी नसल्यामुळे त्यात आम्ल मारणारा अल्कली साठा, म्हणजे टीबीएन, भरपूर ठेवता येतो. मी घेतलेल्या ऑइलचा टीबीएन दहाच्या वर आहे. गंधक जास्त असलेलं डिझेल मिळत असेल तर हा साठा फार उपयोगी पडतो. स्वच्छ, कमी गंधकाचं डिझेल मिळत असेल तर चांगलं सीके-४ १५डब्ल्यू-४० घ्यायला माझी हरकत नाही. एफए-४ हा दुसरा नवा दर्जा मात्र जुन्या इंजिनात अजिबात नको. ते मुद्दाम पातळ बनवलेलं ऑइल आहे, एचटीएचएस २.९ ते ३.२, आणि नव्या रचनेच्या इंजिनांपुरतं.

'हाय मायलेज' लिहिलेले डबे मुख्यतः पेट्रोल कारसाठी असतात. सील मऊ ठेवणारी द्रव्यं त्यात असतात हे चांगलंच, पण डिझेल ट्रकसाठी डब्यावर सीआय-४, सीके-४ असा सी-वर्गाचा दर्जा आहे का हे आधी बघा. ऑइलमध्ये ओतायच्या घट्ट द्रवाच्या बाटल्या मी वापरत नाही. कंपनीने तोलून बनवलेल्या मिश्रणात बाहेरचं काही का मिसळायचं?

फुल सिंथेटिक घेतलं नाही, कारण ऑइल खाणाऱ्या गाडीत लांब मुदतीचा फायदा टॉप-अपमध्येच वाहून जातो. मुदत मी मॅन्युअलपेक्षा थोडी कमीच ठेवलीय आणि लेव्हल दोन खुणांच्या मधे. वरच्या खुणेच्या पुढे भरलं की क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाने बेअरिंगला थर मिळत नाही. टॉप-अपसाठी त्याच ऑइलचा डबा केबिनमध्ये ठेवलेला असतो.

पुढच्या वेळी क्लचसाठी गिअरबॉक्स खाली येईल तेव्हा क्रँकचं मागचं सील बदलून घेणार आहे. ऑइल हेच राहील, आणि त्यानंतरच्या पहिल्या बदलीला नमुना पुन्हा लॅबला जाईल.