बॉबी जोन्सच्या पटरची प्रतिकृती : तीन महिने खेळून पाहिल्यावर

1930 या एकाच वर्षात ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या व हौशी अशा चारही स्पर्धा जिंकून अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांमधून निवृत्त झालेल्या अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सच्या ‘कॅलॅमिटी जेन’ या पटरची (चेंडू खळगीकडे घरंगळवण्याच्या काठीची) प्रतिकृती मी तीन महिने वापरतो आहे. ती भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे, खेळण्यासाठीच घेतली होती.

मूळ पटर जोन्सला 1923 मध्ये व्यावसायिक गोल्फपटू जिम मेडन यांनी दिला आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या इनवूडला त्याने आपली पहिली यूएस ओपन (अमेरिकेची खुली स्पर्धा) जिंकली. दांडा तडकलेला असल्यामुळे त्यावर तीन ठिकाणी दोरा गुंडाळलेला होता. गंमत अशी की पुढे निघालेल्या प्रतिकृतींच्या धडधाकट दांड्यांवरही ते तीन पट्टे इमानाने आले. माझ्याही पटरवर ते आहेत, परंतु खालचा पट्टा दुसऱ्याच महिन्यात उसवला. विक्रेत्याने तक्रारीला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, तोवर मी स्वतःच नवा दोरा गुंडाळून वर व्हार्निश चढवले होते.

खरी परीक्षा पात्याच्या कलाची. आजच्या पटरचा लॉफ्ट, म्हणजे हा कल, तीन-चार अंशांचा असतो, याचा सुमारे आठ. दहा अंशांची मर्यादा असल्याने नियमात बसतो. जोन्सच्या काळातल्या उंच, संथ गवतात रुतलेला चेंडू आधी किंचित उचलून मग घरंगळवण्यासाठी हा कल होता. दव पडलेल्या, न कापलेल्या ग्रीनवर (खळगीभोवतीच्या हिरवळीवर) ते पटते, मात्र बारीक कापलेल्या ग्रीनवर तीन फुटांवरूनही चेंडू आधी टुणकन उडतो आणि मगच सरळ लागतो. हात थोडे पुढे दाबून धरले की हा दोष बराच कमी होतो.

हिकरीच्या लाकडाचा दांडा मात्र निष्ठुर आहे. चेंडू पात्याच्या मध्यापासून जरा जरी सरकून लागला, तरी पाते वळल्याचे बोटांना लगेच कळते. पाय जवळजवळ जुळवून, सैल मनगटांनी लांब, संथ झोका देणारा जोन्स असाच का खेळत असेल, हे मला या दांड्याने समजावले. घाईच्या फटक्याला तो साथच देत नाही.

तीस फुटांपलीकडच्या पटसाठी (घरंगळत्या फटक्यासाठी) मी आता हाच काढतो, जवळच्यांसाठी जुना पोलादी. चौदा काठ्यांच्या मर्यादेत दोन पटर बसवायचे म्हणून एक वेज (चेंडू उंच उडवण्याची काठी) घरी राहते.