फोल्डिंग ग्लास डोअर, खारघर : कोटेशन १,७५० चं, बिल २,६५० चं

आधी आकडा सांगते, कारण लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण तेवढंच विचारतो, दार चालतंय कसं हे कोणी विचारत नाही. हॉल आणि बाल्कनीच्या मधलं ओपनिंग साडेदहा फूट रुंद आणि साडेसात फूट उंच, म्हणजे पावणेएकोणऐंशी स्क्वेअर फूट. तिथे आधी बिल्डरने दिलेलं दोन ट्रॅकचं स्लायडिंग होतं, ते काढून चार पल्ल्यांचं फोल्डिंग ग्लास डोअर, म्हणजे घडी होऊन बाजूला जाणारं काचेचं दार, बसवलं. सगळं धरून २ लाख ८ हजार आणि वर काहीतरी. कोटेशनवर रेट होता १,७५० रुपये स्क्वेअर फूट, आता भागाकार करा, २,६५० च्या जवळ येतो. मधले नऊशे कुठे गेले ते नीट लिहिते, कारण मी काम द्यायच्या आधी शोधत होते तेव्हा सगळीकडे नुसता स्क्वेअर फुटाचा रेट लिहिलेला आणि पुढे "साइट बघून सांगू".

कोटेशन तीन घेतली. पहिला कामोठ्याचा ॲल्युमिनियमवाला, आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या खिडक्या आणि जाळ्या त्यानेच केल्यात, माणूस चांगला, १,१५० म्हणाला, ६ एमएम टफन ग्लास. पण सॅम्पल बघायला गेलो तर खिडकीच्याच सेक्शनला (म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्टीला) बिजागऱ्या मारून फोल्डिंग केलेलं, दोन बोटांनी ढकललं तरी पल्ला थरथरत होता. दुसरं वाशीचं शोरूम, २,९००, डबल ग्लास, एसीत बसवून कॉफी दिली आणि कॉफी संपेपर्यंत रेट सांगितला नाही. तिसरं तुर्भे एमआयडीसीतलं वर्कशॉप, १,७५०, ८ एमएम टफन, फोल्डिंगसाठीच बनवलेलं सेक्शन, रोलर आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या. काम यांना दिलं. नाव लिहीत नाही कारण पुढे थोड्या शिव्या पण आहेत.

आता हिशोब. पावणेएकोणऐंशी गुणिले १,७५० म्हणजे १ लाख ३७ हजार ८००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २४ हजार ८००. इथेच १ लाख ६२ हजार ६०० झाले, आणि ही फक्त दाराची किंमत. मच्छरजाळी वेगळी, ती जवळजवळ ३० हजार, तिच्याबद्दल खाली बोलते. जुनं स्लायडिंग काढणं आणि डेब्रिज खाली नेऊन टाकणं साडेचार हजार. खालचा ग्रॅनाइट नवीन, गवंडी, वॉटरप्रूफिंग मिळून साडेअकरा हजार. सोसायटीचं डिपॉझिट परत मिळालं म्हणून धरलं नाही. पडद्याचा रॉड पण बदलावा लागला कारण जुना रॉड पल्ल्यांच्या मध्ये येत होता, तो खर्च नवऱ्याने परस्पर केला आणि आकडा अजून सांगितलेला नाही.

तर १,१५० आणि २,९०० मध्ये एवढा फरक कशाचा? ॲल्युमिनियम किलोवर विकत येतं आणि आपल्याला विकतात स्क्वेअर फुटावर, सगळी गोम इथे आहे. सेक्शनची जाडी दोन एमएमवरून सव्वा एमएमवर आणली की वरून पावडर कोटिंग मारल्यावर तुम्हाला मला काही कळत नाही, फरक कळतो दोन वर्षांनी पल्ला लोंबायला लागला की. म्हणून कोटेशनवर सेक्शनची जाडी एमएममध्ये लिहून मागा, कापलेला तुकडा हातात घेऊन बघा. तुर्भेवाल्यांनी तुकडा आणि जाडी मोजायचं व्हर्निअर दोन्ही समोर ठेवलं, हा त्यांचा पहिला प्लस पॉइंट. स्टेनलेस स्टीलचा ग्रेड पण विचारा, खाडीच्या हवेत साध्या बिजागऱ्यांना किती पटकन गंज चढतो ते नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायची गरज नाही, आमच्या जुन्या स्लायडिंगचे स्क्रू तर काढताना डोकी तुटून हातात आले.

ग्लास. टफन म्हणजे फुटली तर बारीक बारीक तुकडे होतात, सुऱ्यासारखे लांब तुकडे पडत नाहीत, दारासाठी हीच पाहिजे, यात कंजूषी नको. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात टफनचा छोटा शिक्का असतो, तो आहे का ते काच बसवायच्या आधी बघायचं. आणि टफन केल्यावर काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडा घासून कमी करता येत नाही, जे काही करायचं ते भट्टीत जायच्या आधी. हे नुसतं माहितीसाठी नाही सांगत, माझं अर्धं भांडण यावरच झालं.

झालं असं की चौकट बसवून मग माप घेऊन काच टफनला पाठवायची ही पद्धत बरोबर आहे, त्यांनी तसंच केलं. पण मधल्या वेळात हॉलला दारच नाही! जुनं काढलेलं, नवीन चौकट उभी, आणि त्याला ताडपत्री. पंधरा दिवसात पल्ले लावतो म्हणाले होते, गेला महिना उलटून, पाऊस दाराशी आला तेव्हा दार आलं. त्यात एका पल्ल्याची काच उंचीला ४ एमएम मोठी. कापता येत नाही म्हणजे ती काच पूर्ण बाद, नवीन करून आणा. पैसे त्यांनी मागितले नाहीत, हे खरं, पण फोनवर रोज "मॅडम टेन्शन मत लो, कल पक्का" आणि तो कल काही येईना. रात्री तळोजा एमआयडीसीचा तो वास, जो खारघरवाल्यांना वेगळा समजवायला नको, ताडपत्रीतून थेट हॉलमध्ये. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपण दार बसवतोय का मांडव घालतोय?" मी त्यांना काय सांगणार.

ज्यांना करायचंय त्यांनी एवढं एक करा, चौकट बसवून झाल्यावर काच येईपर्यंत जुन्या दाराचे पल्ले तात्पुरते उभे करून देणार का, नाहीतर प्लायवूड लावून देणार का, हे आधी लिहून घ्या. प्लायवूडचे दोन-तीन हजार वाढले तरी चालतील.

वजनाचा मुद्दा कोणी काढत नाही पण तो मोठा आहे. काच एक एमएम जाडीची एक स्क्वेअर मीटर घेतली तर अडीच किलो भरते. आमचं ओपनिंग सव्वासात स्क्वेअर मीटरच्या थोडं वर, ८ एमएम काच, म्हणजे नुसती काचच दीडशे किलोच्या जवळ, ॲल्युमिनियम वेगळं. हे सगळं वरून टांगायचं का खाली ट्रॅकवर चालवायचं हे दोन प्रकार. वरून टांगलं की खालचा ट्रॅक बारीक राहतो, कचरा अडकत नाही, दार लोण्यासारखं सरकतं, पण वर पक्का आरसीसी बीम पाहिजे आणि तो पुढे एवढासा जरी वाकला तरी पल्ले खाली घासायला लागतात. जुन्या बिल्डिंगमध्ये दारावर नुसता लिंटेल (ओपनिंगवरची काँक्रीटची छोटी पट्टी) आणि त्याच्यावर विटा असतील तर टांगायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडे खाली चालणारं केलं, वजन सगळं स्लॅबवर, वर फक्त पल्ले सरळ धरणारी गाइड. ठाण्याला माझ्या नणंदेकडे घोडबंदर रोडला मायवानचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेला, टॉवर आहे, तिथे भिंती सगळ्या काँक्रीटच्या, अँकर मस्त धरतो, पण ओपनिंग एक इंचसुद्धा वाढवता येत नाही, भिंत फोडायची नाहीच, मग तिने आहे त्या मापात तीन पल्ले केले.

पल्ल्यांची रचना पण डोकं लावून ठरवा. आमची तीन अधिक एक, म्हणजे तीन पल्ले एका बाजूला घडी होऊन जातात आणि चौथा साध्या दारासारखा उघडतो. रोज कपडे वाळत घालायला, कुंड्यांना पाणी घालायला जाताना तोच एक पल्ला उघडायचा. चारही एकाच बाजूला घेतले असते तर दरवेळी घडी उलगडत बसावं लागलं असतं. शोरूमवाल्याने चारही एकीकडे काढून दाखवलेलं, फोटोत छान दिसतं म्हणून असणार. आणि घडी केलेले पल्ले कुठेतरी उभे राहणारच ना, आमचा एकेक पल्ला ८०० एमएम, म्हणजे अडीच फुटांच्या वर बाहेर येतो, बाल्कनी पाच फूट खोल, अर्धी तिथेच गेली. कपड्यांच्या दोऱ्या एका बाजूला सरकवाव्या लागल्या. आत घडी घेतली असती तर सोफा गेला असता. आणि पावसाच्या दृष्टीने बाहेर उघडणारंच बरं, वारा जोरात आला की पल्ला रबरावर अजून घट्ट दाबला जातो.

पाऊस म्हणजे खरी परीक्षा. शोरूममध्ये तो सपाट ट्रॅक दाखवतात ना, हॉलची फरशी आणि बाल्कनीची फरशी एका लेव्हलला, पायाला काही लागत नाही, तो बघून मी पण भुलले होते आणि सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तो हवाच होता. तुर्भेच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं, ताई, तुमची बाल्कनी पश्चिमेला, वर छप्पर अर्धंच, सपाट ट्रॅक दिला तर जुलैत मला शिव्या घालाल. मग मधला मार्ग काढला, बाल्कनीची बाजू ग्रॅनाइटखाली उतरती केली, ट्रॅकला बाहेरून पाणी जायची भोकं, आणि उंबरा जेमतेम पाऊण इंचाचा, आतून फरशीला उतार दिलेला. सासूबाई अडखळत नाहीत. हे साडेअकरा हजार मला सगळ्या बिलात सगळ्यात वसूल वाटले, आणि गंमत म्हणजे कोटेशनमध्ये हे कामच नव्हतं, "सिव्हिल वर्क पार्टीच्या अंगावर" एवढी एक ओळ, म्हणजे गवंडीकाम आपल्या खर्चाने. तुमच्याही कोटेशनमध्ये ती ओळ असणार, बघून घ्या.

शेवटचं पेमेंट द्यायच्या आधी पाइप लावून बाहेरून पाणी मारायला सांगितलं. पोरं जरा कुरकुरली पण मालकांनी मारून दाखवलं, एका कोपऱ्यातून थेंब थेंब आत आलं, तिथेच सिलिकॉन काढून परत भरलं. मी दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसापर्यंत रोखून धरले होते, त्यांनी कबूल केलेलं. जुलैत खारघरच्या डोंगरावरून धबधबे दिसायला लागतात तसा पाऊस झाला दोन दिवस, हॉलमध्ये पाणी नाही. ट्रॅकच्या भोकात मात्र पानं आणि कबुतरांची पिसं अडकतात, ती काढत राहावं लागतं, नाहीतर ट्रॅक भरून वाहायला लागेल.

जाळीचं दुखणं वेगळं. स्लायडिंगला तिसरा ट्रॅक घेतला की जाळीचा पल्ला झाला, संपला विषय. फोल्डिंगला ते जमत नाही, मग ती घड्या पडणारी प्लीटेड जाळी, पडद्यासारखी ओढायची. ३२० रुपये स्क्वेअर फूट अधिक जीएसटी. दिसते सुंदर, पण आत दोरे असतात, नातवंडं किंवा मांजर असेल तर तिचं आयुष्य किती ते तुम्हीच ठरवा. आणि संध्याकाळी सहानंतर जाळीशिवाय दार उघडं ठेवणं इथे शक्य नाही, त्यामुळे ती "घेऊ नंतर" असं करताच येत नाही.

डबल ग्लास का नाही घेतली असं विचारतात. आम्ही सायन-पनवेल हायवेच्या बऱ्यापैकी आत आहोत, आवाज आहे पण सहन होतो. आणि फोल्डिंगमध्ये चार पल्ल्यांचे इतके जोड असतात की आवाज काचेपेक्षा जोडातून येतो, शिवाय दोन काचा म्हणजे वजन दुप्पट आणि हार्डवेअर त्याहून भारी. आवाजासाठीच पैसे घालायचे असतील तर कमी जोडांचं दार घ्या आणि काच लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा पातळ थर देऊन चिकटवलेली) घ्या.

सोसायटीचं सोपं गेलं. दार बाल्कनीच्या आत आहे, बाहेरून बिल्डिंगचा चेहरा बदलत नाही, एनओसी मिळाली, फक्त फ्रेमचा रंग बाकीच्यांसारखा ठेवा म्हणाले. बाल्कनीच काचेने बंद करायची असेल तर तो सगळा वेगळा विषय आहे, महापालिकेच्या परवानगीचा, आणि खारघरला महापालिका म्हणजे पनवेलची, नवी मुंबईची नाही, टॅक्सचं बिल आलं की आठवतं. पल्ले आठशेचे असल्यामुळे लिफ्टमध्ये मावले. स्लायडिंगच्या पाच फुटी काचा असत्या तर अकरा मजले जिन्याने, आणि हमालीचा आकडा वेगळा.

खरं सांगायचं तर ओपनिंग आठ फुटांच्या आत असेल तर फोल्डिंगच्या वाटेला जाऊच नका. आम्ही त्याच तुर्भेवाल्यांकडून तीन ट्रॅकच्या स्लायडिंगचा रेट घेतलेला, जाळीसकट ७५० रुपये स्क्वेअर फूट, जीएसटी धरून ७० हजारांच्या आत बसत होतं. त्यात तिसरा ट्रॅक जाळीचा, म्हणून अर्धंच उघडतं, फोल्डिंगमध्ये जवळजवळ पूर्ण उघडतं, तर उरलेल्या त्या अर्ध्यासाठी आम्ही वरचे सव्वा लाखाहून जास्त मोजले. आमच्याकडे गणपती दीड दिवसाचे पण माणसं खूप येतात, हॉल छोटा, तेव्हा बाल्कनी हॉलमध्ये आली की तीस माणसं आरतीला उभी राहतात, आणि रविवारी सकाळी सगळं उघडून चहा घेतो. बाकी रोज एकच पल्ला. आम्हाला पटलं, भाडेकरूला देण्याच्या फ्लॅटमध्ये मात्र मी हे कधीच बसवणार नाही.

तुर्भेवाल्यांना पाचपैकी साडेतीन. काम चार, शब्द पाळणं दोन, नंतरची सर्व्हिस चार, कारण ऑगस्टमध्ये मधला पल्ला खाली किंचित घासायला लागला तर फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस आला, रोलरचा स्क्रू फिरवून पल्ला वर घेतला, पैसे घेतले नाहीत. वॉरंटी बिलावर हाताने लिहून घेतलीय, हार्डवेअर पाच वर्षं, कोटिंग दहा, काच वगळून. जाळीची वॉरंटी एकच वर्ष आणि तिचा एक दोरा आत्ताच सैल झालाय, त्याचा माणूस "कल पक्का" येणार आहे.