व्हॅक्यूम सीलर: नऊ महिने, सहा रोल आणि भडंगाची एक वीट

आम्ही कोल्हापुरात, मुलगा पुण्याला नोकरीला आहे. महिन्यातून एकदा-दोनदा येतो आणि जाताना डबे भरून नेतो. डबे काही परत येत नाहीत. सातवा स्टीलचा डबा पुण्यात राहिला त्या दिवशी मी ठरवलं, आता पिशवीतच द्यायचं. डिसेंबरात मशीन घेतलं, आता सप्टेंबर चालू आहे.

मशीन साधंच आहे. पिशवीचं तोंड पट्टीवर ठेवायचं, झाकण दाबायचं, पंप हवा ओढतो आणि तापलेली पट्टी पिशवी चिकटवते. साडेतीन हजाराला पडलं. अख्खी पिशवी आत ठेवायचं चेंबरवालं मशीनही मिळतं, पण त्याची किंमत ऐकून मी गुपचूप उठून आले. साध्या मशीनला आतून जाळीदार खाचा असलेलीच पिशवी लागते, हवा त्या खाचांतून बाहेर निघते. गुळगुळीत पिशवीचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि हवा आतच कोंडते. हे मला आधी कुणी सांगितलं नाही. लक्ष्मीपुरीतून किलोवर मिळणाऱ्या साध्या पिशव्या आणल्या आणि पहिली अख्खी संध्याकाळ मशीनला शिव्या घालण्यात घालवली.

दुसऱ्या दिवशी जाळीदार पिशवीचा रोल आणला आणि उत्साहाच्या भरात थेट तांबडा रस्सा भरायला घेतला. पंपाला हवा काय आणि रस्सा काय, सगळं सारखंच. बटण दाबलं तसा रस्सा पिशवीतून वर चढायला लागला. आधी लाल तवंग, त्याच्या मागून बाकीचा. मी झाकण उघडेपर्यंत तो पट्टीवर, पट्टीखालच्या ट्रेमध्ये आणि काळ्या स्पंजच्या गॅस्केटमध्ये जाऊन बसला होता. तेल लागलेली पिशवी चिकटत नाही, त्यामुळे सीलही झालं नाही. ओटा पुसला, पट्टी पुसली, पण स्पंजच्या एका कोपऱ्याला अजून मसाल्याचा वास येतो.

आता रस्सा आधी चौकोनी डब्यात रात्रभर गोठवते. सकाळी डबा उलटा करून वरून जरा पाणी सोडलं की वडी सुटते. ती पुसून पिशवीत घालायची आणि मग सील. पांढऱ्या रश्श्याला मात्र हेही चालत नाही, कारण नारळाचं दूध गोठून वितळलं की फाटल्यासारखं होतं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. त्यामुळे पांढऱ्यासाठी नुसतं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, गोठवते. नारळाचं दूध, काजू, खसखस आयत्या वेळी. मुलगा तिकडे हे करतो का? नाही करत. अळणीच भातावर ओतून खातो.

मटणाचं म्हणाल तर आमच्या घरात ह्या मशीनचा पराभव झाला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “बर्फातलं मटण खायला आपण काय मुंबईत राहतोय व्हय? गल्लीच्या तोंडाला दुकान हाय.” त्यांचं खरंच आहे. रविवारी सकाळी रांगेत उभं राहून आणलेल्या मटणाशी कुठल्याही पिशवीची बरोबरी होणार नाही, आणि मी तो प्रयत्नही करत नाही. मशीन कामाला आलं ते आखाडात. त्र्यंबोली देवीच्या यात्रेच्या दिवसांत कधी गल्लीतला मटणाचा वाटा, कधी नणंदेकडचा वाटा, सगळं एकाच आठवड्यात येतं. पूर्वी कॅरीबॅगला गाठ मारून फ्रीजरमध्ये ढकलायचे आणि दहा-पंधरा दिवसांनी कडेला पांढरे, कोरडे चट्टे पडायचे. हा बर्फाचा प्रताप. मांसातला बर्फ पाणी न होताच वाफ होऊन उडतो आणि तेवढा भाग वाळतो. पिशवी अंगासरशी चिकटली की त्याला उडायला जागाच राहत नाही. ह्या वेळी दोन महिन्यांनी काढलेल्या मटणावर एकही चट्टा नव्हता. आत्याबाईंनी चव घेतली, “शिजलंय बरं” एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या रविवारी पिशवी घेऊन ह्यांना दुकानात पाठवलं.

मात्र आपल्याकडचं मटण हाडासकट. नळीचं तुटलेलं टोक पिशवीला सुईसारखं भोक पाडतं. सील करताना कळत नाही, चार दिवसांनी पिशवी ढिली दिसली की कळतं. मी हाडांच्या टोकांवर जाड बटर पेपरची घडी ठेवते. शिवाय मटण धुऊन, निथळून, तासभर फ्रीजरमध्ये कडक करून मगच सील करते, म्हणजे रक्ताचं पाणी पट्टीवर येत नाही.

मला सर्वांत जास्त फायदा झाला तो ओल्या वाटाण्यात. जानेवारीत कपिलतीर्थ मंडईतून दहा किलो शेंगा आणल्या, दाणे भरले साडेचार किलो. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग पंच्यावर पसरून कोरडे. ताटात सुटे सुटे गोठवले आणि मग पाव-पाव किलोच्या पिशव्या केल्या. ओले दाणे तसेच सील केले तर मशीन त्यांना चेपतं आणि वर सगळ्यांचा एक गोळा होतो. शेवटची पिशवी गौरीच्या जेवणाला फोडली, रंग हिरवागार. फ्लॉवर मात्र कच्चाच सील करून फ्रीजमध्ये ठेवला होता. तीन दिवसांत पिशवी उशीसारखी फुगली. फ्लॉवर, कोबी ह्या भाज्या कच्च्या असताना वायू सोडतात, त्यांनाही आधी उकळत्या पाण्यातून काढायला हवं.

गूळ! ह्याचा विचार मी घेताना केलाच नव्हता. गुळाच्या राजधानीत राहून दर पावसाळ्यात आमचा गूळ पाझरायचा, डब्याच्या तळाशी काकवीसारखं साचायचं आणि मुंग्यांची वारी लागायची. ह्या वर्षी मेमध्येच पाच किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, बत्त्याने फोडून अर्ध्या-अर्ध्या किलोचे तुकडे सील केले. फ्रीजमध्ये नाही, फडताळात. अख्खा पावसाळा गेला, तुकडे कोरडे खडखडीत.

कांदा-लसूण चटणी एप्रिलमध्ये डंकावरून, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवरून, आणली, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीची. भुकटी सील करताना ती हवेबरोबर उडून पट्टीवर येते, म्हणून तोंडाशी टिश्यू पेपरची घडी लावावी लागते. निम्मी चटणी नेहमीच्या बरणीत हिंगाचा खडा ठेवून, निम्मी पिशव्यांत. आज बरणीतली जरा विटकरी दिसते, पिशवीतली लालभडक. चवीत मला फरक कळला नाही.

आणि भडंग. जयसिंगपूरचं भडंग मुलाला द्यायचं म्हणून मोठ्या ऐटीत सील केलं. पंपाने हवा ओढली आणि डोळ्यांदेखत पिशवीची वीट झाली. शेंगदाणे तेवढे शाबूत, बाकी भुगा. कुरकुरीत पदार्थाला नुसतं सील करायचं दुसरं बटण असतं, हवा न ओढता. ते मी त्या दिवसापर्यंत वापरलंच नव्हतं.

आता जरा गंभीर. शेजारच्या वहिनींनी विचारलं, “हवाच काढली म्हणजे फ्रीजची गरज नाही ना?” आहे, शंभर टक्के आहे. हवा काढली की बुरशी आणि बरेच जंतू थंडावतात, पण बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू नेमका हवा नसेल तिथेच वाढतो. त्याच्या विषाला वास येईलच असं नाही. म्हणून शिजवलेलं अन्न, वाटण, लसणाची पेस्ट हे सील करून ओट्यावर ठेवायचं नाही. आम्ही वाटण थेट फ्रीजरमध्ये टाकतो, उणे १८ अंशांवर. रत्नागिरीकडून येणारी सुरमई सील करते, पण वितळवताना पिशवी आधी कापते आणि मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते, कारण माशांत सापडणारा ह्याच जंतूचा एक प्रकार फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढू शकतो. मशीनच्या पुस्तकात हे कुठल्या तरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत आहे. खोक्यावर मात्र ‘पाचपट ताजे’ असं ठळक छापलंय.

विजेचंही तेच. २०१९ च्या ऑगस्टात पुराच्या वेळी वीज गेली आणि फ्रीजर अख्खा रिकामा करावा लागला होता. पिशवी सील असली तरी आतलं वितळून गरम झालं की ते टाकायचंच. भरलेला फ्रीजर उघडला नाही तर साधारण ४८ तास गारवा धरतो, अर्धा भरलेला २४. म्हणून पंचगंगेचं पाणी इशारा पातळीकडे, ३९ फुटांकडे, सरकायला लागलं की आम्ही नवीन काही भरत नाही, आहे ते खाऊन घेतो.

खर्च मशीनचा नाही, पिशव्यांचा. नऊ महिन्यांत २८ सेंटिमीटर रुंदीचे सहा रोल संपले, वहीतला हिशोब २,७०० रुपये. दर पिशवीला चार बोटं रुंद पट्टी वाया जाते ती वेगळीच. त्यातला एक रोल स्वस्त मिळाला म्हणून घेतला, तर फ्रीजरमध्ये गेल्यावर त्याची बाजूची शिवणच उसवायला लागली. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. गुळाच्या, डाळीच्या पिशव्या मी धुऊन पुन्हा वापरते, मटण-मासळीच्या कधीच नाही.

सलग आठ-दहा पिशव्या केल्या की मशीन तापून रुसतं, मध्ये अर्धा मिनिट थांबावं लागतं. जुलैत हवा नीट ओढेना म्हणून मी धसका घेतला होता. पंप ठीकच होता. मी झाकण लॉक करून मशीन फडताळात ठेवायचे आणि गॅस्केट दबून चपटं झालं होतं. नवं दोनशे रुपयांना मिळालं. आता झाकण उघडंच ठेवते आणि वरून जुना पंचा टाकते.

पुण्यातले सात डबे अजून पुण्यातच आहेत.