'मरीन' प्लायच्या नावाखाली झालेली फसवणूक

मेरीलँडमधील चेसापीक लाइट क्राफ्टच्या जॉन हॅरिस यांनी आखलेली 'पॉकेटशिप' ही जेमतेम १५ फुटांची, केबिन असलेली शिडाची होडी मी दापोलीजवळ बांधायला घेतली. प्लायचे कापलेले भाग तारेने शिवून सांधे इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या चिकट द्रावणाने भरायचे, अशी तिची पद्धत असल्याने ती मोटारीमागे ट्रेलरवर नेण्याइतकी हलकी राहते; मात्र तिची सारी भिस्त त्या प्लायवर असते. माझी फसवणूक झाली ती नेमकी तिथेच.

विक्रेत्याने मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायच्या भावाने दिलेल्या ६ मिलिमीटरच्या तक्त्यांवर आयएसआय चिन्ह आणि मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा आयएस ७१० हा क्रमांक ठसठशीत छापलेला होता. तारा पिळून दोन्ही बाजू नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, जुळवत असताना उजवी बाजू कडकन मोडली. वरचा पापुद्रा सुरेख होता, पण आतल्या थराचे दोन तुकडे एकमेकांना भिडलेलेच नव्हते. त्यांच्यात करंगळीच्या रुंदीची फट होती. आयएस ७१० प्लायचे थर ७२ तास उकळत्या पाण्यात राहूनही सुटता कामा नयेत. उरलेला तुकडा मी पातेल्यात उकळायला ठेवला, तर दुपार सरायच्या आत कडा फुगून थर वहीच्या पानांसारखे सुटे झाले.

जाब विचारल्यावर विक्रेत्याने बिल पुढे केले. त्यावर 'प्लायवुड, ६ मिमी' एवढेच लिहिले होते. शिक्का कारखान्याचा, त्याच्याशी आमचा संबंध नाही, असे त्याने सांगितले. चिन्हाखालचा सीएम/एल परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपवर तपासला, तेव्हा तो भलत्याच मालासाठी दिलेला निघाला.

पैसे गेले त्याहून अधिक चीड येते ती याची, की हाच प्लाय रंगाखाली आणि काचकापडाखाली झाकला गेला असता, तर दाभोळच्या खाडीच्या मुखाशी, आत माणसे असताना मोडला असता.

म्हणून होडी बांधू पाहणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, की पैसे देण्यापूर्वीच परवाना क्रमांक तपासावा, बिलावर 'मरीन प्लाय, आयएस ७१०' असे लिहूनच घ्यावे आणि आधी एकच तक्ता आणून, त्याचा तुकडा उकळून पाहिल्याशिवाय बाकीचा माल उचलू नये. थरांमधली काळसर रेघ पाण्यात टिकणाऱ्या ग्लूची खूण मानली जाते, पण ती पाहून निर्धास्त होऊ नये. ग्लूमध्ये रंग मिसळता येतो.

चिन्हाच्या गैरवापराची तक्रार मी बीआयएसकडे केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येत असल्याने बिल, शिक्क्यांची छायाचित्रे आणि मोडलेला तक्ता जपून ठेवला असून त्या अर्जाचे कागद तयार करत आहे.