निप्पॉन फुलदाणी की इमारी ताटली?

हाताने रंगवलेलं जुनं जपानी पोर्सेलीन जमवायला लागलं की लवकरच दोन वाटा फुटतात. मी दोन्हीवर चाललोय. नागोयातल्या ओसू कान्नोन देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुना बाजार भरतो, माझी बरीचशी खरेदी तिथलीच.

पहिली वाट ‘निप्पॉन’ (म्हणजे जपानी भाषेत जपानच) शिक्क्याच्या फुलदाण्यांची. अमेरिकेत विकायच्या मालावर देशाचं नाव हवंच, असा नियम तिथे १८९१ पासून लागू झाला आणि १९२१ मध्ये ‘निप्पॉन’ची जागा ‘जपान’ने घेतली. त्यामुळे शिक्का खरा असेल तर काळ आपोआप कळतो. नोरिताके या पोर्सेलीन कंपनीचा कारखाना नागोयातच १९०४ साली सुरू झाला, आणि तेव्हाचा माल मुख्यतः परदेशीच जायचा. आता त्यातलं काही परत येतं. अशा वस्तूंना इथे ‘सातोगाएरी’ म्हणतात. लेक माहेरी येते त्यालाही हाच शब्द आहे. मला तो फार आवडतो.

चित्रकारीत या फुलदाण्या अप्रतिम. तळ्याकाठची संध्याकाळ, गुलाब, आणि मोरिआगे म्हणजे पातळ मातीने उठवलेली नक्षी. मात्र नकली शिक्के खूप आहेत. हिरव्या पानांच्या वेढ्यात ‘एम’ अक्षर हवं, तिथे वाळूच्या घड्याळासारखी आकृती दिसली तर फुलदाणी खाली ठेवून पुढे चला.

दुसरी वाट इमारीची. भांडी जपानच्या क्यूशू बेटावरच्या आरिता भागातली, नाव मात्र ज्या बंदरातून ती जहाजात चढायची त्याचं. इथे शिक्क्यावर विसंबता येत नाही. कितीतरी ताटल्यांच्या बुडावर चीनच्या मिंग काळातल्या बादशाहीचं नाव असतं, कारण तशी लिहिण्याची पद्धतच होती. शिवाय मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) बऱ्याच ताटल्या छापाच्या आहेत. नक्षी ठरावीक अंतरावर हुबेहूब तशीच येत असेल, किंवा जोडावर रेघ तुटत असेल, तर ते कुंचल्याचं काम नव्हे. बुडावरचे टाचणीच्या टोकाएवढे खडबडीत ठिपके मात्र दोष समजू नका. भट्टीत बूड बसू नये म्हणून दिलेल्या टेकूंच्या त्या खुणा असतात.

इथवर पारडी बरोबरीत होती, कदाचित फुलदाण्यांकडेच किंचित झुकलेली. मग सोन्याने निकाल लावला.

माझ्या पहिल्या निप्पॉन फुलदाणीच्या गळ्याभोवती सोन्याचे बारीक मणी होते. शिक्का नुसता ‘निप्पॉन’, कारखान्याचं नाव नाही. मण्यांच्या खाचांत धूळ बसायची आणि दर रविवारी मी ओल्या फडक्याने ती पुसायचो. वर्षभरात मण्यांची टोकं पांढरी पडली. सोनं ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या वर, कमी आचेवर चढवलेलं असतं, आणि उठावाच्या टोकांवर घासणी सर्वांत जास्त. ते दिसलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून ती कपाटात काचेमागे आहे. मऊ कुंचल्याने धूळ झटकतो, हात लावत नाही. ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते तिच्याशी माझं मन जुळत नाही.

सोनं इमारीवरही असतं आणि तेही झिजतं. पण तिचा कोबाल्टचा निळा ग्लेझच्या खाली, सुमारे १३०० अंशांवर भाजलेला असतो. माझ्या एका ताटलीच्या काठावरचं सोनं मी घेण्याआधीच जवळजवळ गेलं होतं, तरी निळी वेल कालच काढल्यासारखी दिसते. तिरप्या उजेडात धरली की जिथे सोनं होतं तिथे मंद खूण उमटते. ती मी रोज हाताळतो.

उठावाचं काम आणि निसर्गदृश्यं हीच तुमची आवड असेल, काचेचं कपाटही असेल, तर फुलदाणी घ्या, मी अडवणार नाही. पण पहिलीच खरेदी असेल तर सोनं उतरलेली इमारी ताटली आधी हातात घेऊन बघा. टवका नको, तडा नको. सोनं गेल्यामुळे किंमत बऱ्याचदा उतरलेली असते, आणि निळा जसाच्या तसा मिळतो.