जुन्या कागदांच्या फोटोंसाठी आडव्या हाताचा स्टँड: घ्यावा का?

निवृत्तीनंतर गावाचा इतिहास लिहायला घेतला की पहिली दोन वर्षं लोकांच्या घरचे कागद बघण्यातच जातात. मालक ते बाहेर नेऊ देत नाही, आणि बरोबरच करतो. मग ओसरीवर बसूनच फोटो काढायचे असतील तर हजार-बाराशेचा, लोखंडी बुडाचा फोन स्टँड घ्याच. वाकवायच्या नळीचा स्वस्त प्रकार नको. फोन लावला की थोड्या वेळात मान टाकतो.

दांडा ४० सेंमीचा हवा. ए-फोर पानाला फोन २५ सेंमीवर, ए-थ्रीला ३५ वर बसतो. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर ए-फोरवर इंचाला ३०० च्या आसपास ठिपके येतात. मोडीची बारीक वळणं वाचायला तेवढे पुरतात.

खोट आहे ती आडव्या हाताच्या पेचात. तो सैल पडला की फोन कलतो आणि पानाचा एक कोपरा धूसर येतो. आत रबरी वायसर घाला. हात पूर्ण लांबवला तर बूड उचलतं, त्यावर वीट ठेवा. बटण बोटाने न दाबता ३ सेकंदांचा टायमर लावा. आणि पंखा बंद! मे महिन्यात जिवावर येतं, पण पान फडफडलं की फोटो वाया.

फ्लॅश नको. दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड द्या. स्कॅन अॅपचा काळा-पांढरा फिल्टर फिकी शाई आणि शिक्के दोन्ही खातो; रंगीतच ठेवा. घड्या बसवायला काच चालते, मात्र कसर लागलेल्या कागदावर ती दाबू नये, तुकडे पडतात.

निजामी काळातली उर्दू मिसल, म्हणजे प्रकरणाची फाइल, उजवीकडून सुरू होते, फोटोंना क्रमांकही तसेच द्या. फाइलच्या नावात फसली साल, म्हणजे निजामी महसुली वर्ष, जसंच्या तसं लिहा. १३५७ फसली ऑक्टोबर १९४७ ला लागतं, म्हणजे हैदराबादच्या पोलीस अॅक्शनचा सप्टेंबर १९४८ त्यातच येतो. इसवी सन काढायला फसली आकड्यात सरसकट ५९० मिळवणाऱ्याचं जानेवारीपासून पुढचं सगळं एका वर्षाने चुकतं. तिथे ५९१ हवेत.

शिलालेखाला हा स्टँड कुचकामी. तिथे अंधार पडल्यावर दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने बॅटरी धरायची, म्हणजे झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या उठतात.